डब्यातली गुणगुण

६ जानेवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

आज सकाळी देवापुढे दिवा लावला आणि चहाची वाट न बघता दुकानात जाऊन हेडबाईंचा सेट बॅटरीला जोडला. चहाआधी हत्याराला हात न लावणारा मी. हिने आतून दोनदा विचारलं, "दुकानाला आग लागलीय का?" आग नव्हती. पण काल बाई जे बोलून गेल्या त्याने जीव थाऱ्यावर नव्हता.

हेडबाई म्हणजे त्याच, निवृत्त मुख्याध्यापिका. वडिलांची काळी गाडी अजून जपून आहेत. गेल्या महिन्यात गाडीचा रेडिओ तपासून घ्यायला तुमच्याकडे आल्या होत्या. काल तोच सेट मांडीवर घेऊन, तान्हं मूल आणावं तसा, माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमच्या मामांनी दाखला दिलाय. सेट गाडीच्याच वर्षाचा आहे, पण आतला व्हायब्रेटर कुणीतरी काढून घेतलाय. मला खरा, जुना मिळवून द्या. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, त्याआधी वडिलांची गाडी पुन्हा होती तशी झाली पाहिजे."

तुमचा दाखला वाचला. डायलवर नुसती मीडियम वेव्ह, मागच्या पत्र्यावर सहा व्होल्टचा शिक्का, तारांना कापडाचं वेष्टण, व्हॉल्व्हच्या काचेवर गाडीच्याच वर्षाचा पुसट आकडा. अगदी बरोबर. फक्त शेवटच्या ओळीशी अडलो: "व्हायब्रेटरचा डबा मूळचा, आतला ऐवज अलीकडचा. सेट मूळ स्थितीत नाही."

मामा, मी बटण फिरवलं आणि सेट गुणगुणला.

पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलं होतंत की गाडीचा जुना रेडिओ आधी बघू नये, आधी ऐकावा. बटण फिरवताच गाणं आलं तर तो पोरसवदा, ट्रान्झिस्टरचा. गाणं यायला वेळ लागला आणि मधे नुसती शांतता असली तर मधल्या पिढीतला. आणि गाण्याआधी डबीत भुंगा कोंडल्यासारखी गुणगुण आली तर म्हातारा समजायचा, आत व्हायब्रेटर आहे, बॅटरीच्या सहा व्होल्टचे दोनशे करतोय. हल्ली त्याच जुन्या डब्यात ट्रान्झिस्टरचा तुकडा बसवतात. बाहेरून डबा तोच, आतून मुका. हेही तुमच्याकडूनच शिकलो.

हा डबा मुका नाही. तुम्ही तो कसा ऐकलात, एवढंच कळवा. घाई अशासाठी की तुमच्या दाखल्यानंतर बाईंनी त्यांच्या मिस्त्रीला काढून टाकलंय. गाडीची किल्ली बाई सोडून फक्त त्याच्याकडे असायची.

दूरध्वनी करून बघितला, नुसता वाजत राहतो.

तुमचा,
भाचा


१३ जानेवारी

चि. गंभीरराव,

आशीर्वाद. तुझं पत्र म्हणजे लग्नातलं भाषण. जेवण गार होतं तरी मुद्दा येत नाही. मुद्दा एवढाच ना, की मामा चुकला?

मामा चुकलेला नाही. झाकण उघडून डबा बघितला, डबा मूळचा. झाकण लावून सेट सुरू केला. झाकण उघडं ठेवून वीज सोडायची नाही हा माझा नियम तुला ठाऊक आहे, दोनशे व्होल्टचा प्रसाद मी एकदा खाल्लेला आहे. सेट सुरू झाला, काटा हलला, पण डब्यात जीव नाही. वारूळ आहे, नाग नाही. कुणीतरी नाग धरून नेला आणि आत प्लास्टिकचा ठेवला. ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडे बोट जाणारच. बाईंबरोबर आलेला तो मिस्त्री गोड बोलणारा होता, हे मी त्याच दिवशी बघितलं. गोड बोलणाऱ्याचा पाना नेहमी खिशात असतो.

तू गुणगुण ऐकलीस म्हणतोस. दुकानाशेजारच्या पिठाच्या गिरणीची असेल. नाहीतर कानात मेण साचलं असेल. वय झालं आता तुझंही, पन्नाशी आली. कान साफ करून घे.

दूरध्वनी बिघडलाय. पत्रच टाकत जा, हात चालता राहतो. मेळाव्याला यंदाही परीक्षकाच्या खुर्चीवर मलाच बसवलंय. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. तू ये, पाठीमागे उभा राहा, चार गोष्टी शीक.

सुनेला आशीर्वाद. तिला म्हणावं, ह्याला चहा दिल्याशिवाय दुकानात सोडत जाऊ नकोस.

मामा


१७ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार.

गिरणी रविवारी बंद असते. मी रविवारी पुन्हा ऐकलं. हिला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "पलीकडच्या खोलीत कुणीतरी ओठ मिटून गाणं म्हणतंय." म्हणजे माझ्या कानातलं मेण नव्हे.

परवा मिस्त्री आला होता. मी बोलावलं नव्हतं, सेट माझ्याकडे आहे असं कुठूनतरी कळलं म्हणून आला. बाकावर बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, मी इंजिनाचा माणूस, मला रेडिओतलं काही कळत नाही. पण मी काही नेलं नाही." मी विचारलं, बाईंना तसं सांगितलं नाही का? तर म्हणाला, "सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मामा खोटं बोलतील का? यावर मी काय बोलू? मामा कशाला खोटं बोलतील? मलाही ते पटतं. मग रात्री पडल्या पडल्या मीच विचार करतो, झोपेत तर काढला नाही ना मी?"

असं म्हणून तो हसला. ते हसणं मला बघवलं नाही.

बाईंसारखे आणखी तीन-चार गाडीवाले त्याच्यावर अवलंबून होते. सगळ्यांनी किल्ल्या परत मागून घेतल्या. काढून टाकल्याची बातमी पोहोचायला वेळ लागत नाही, आणि कारण तर तिच्याआधीच पोहोचतं.

मामा, तुमच्यापुढे तोंड उघडायचं म्हणजे मला अजूनही घाम फुटतो. पण चूक कुणाकडूनही होते. तुमच्याकडे त्या दिवशी गर्दी असेल. बाई खूप बोलतात, बोलत राहिल्या असतील. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा की पुन्हा तपासायचं आहे. मी सेट घेऊन तुमच्याकडे येतो, दोघं मिळून ऐकू. कुणाला काही कळणार नाही.

आणखी एक. दिवाळीच्या सुट्टीत—असं लिहून खोडलं होतं, पण लिहितोच. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा शेगडीवर किटली शिट्टी मारत होती आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून मला व्हॉल्व्ह दाखवत होतात. मी उठून गॅस बंद केला. तुम्ही विचारलंत, कुठे गेला होतास? तेव्हा म्हटलं, मामांची तंद्री लागली असेल. तंद्रीच होती ना?

तुमचा,
भाचा


२५ जानेवारी

चि. भाच्यास,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. गंभीरराव म्हणत नाही, कारण आता तू मोठा झालास, शिंगं फुटली.

मला कळतंय काय चाललंय ते. मेळाव्याच्या समितीतला तो चष्मेवाला तुझ्याकडे हल्ली येतो-जातो, हे मला कळलेलं आहे. खुर्ची पाहिजे असेल तर सरळ माग. मी उठून देईन, वर गादी झटकून देईन. पण मिस्त्रीच्या आडून, किटलीच्या आडून येऊ नकोस. किटली माझी आहे, ती शिट्टी मारेल नाहीतर नाच करेल, तुला काय त्याचं?

बाईंना मी काहीही लिहिणार नाही. हजारो सेट या बाकावरून गेले. पत्रा बदललेले, डायल बदललेले, एका गाडीचं तोंड आणि दुसरीचं पोट असलेले. सगळे पकडले. माझा हात आजवर कधी खोटं बोललेला नाही. तो त्या दिवशीच खोटं बोलला आणि तुझा कान तेवढा खरा, असं म्हणायचंय का तुला?

मेळाव्याला यायची गरज नाही.

मामा


९ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. रागावलो नव्हतो. तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी अडून बसलो होतो. माझा हात खोटं बोललेला नाही, असं तुम्ही लिहिलंत. ऐकायच्या कामात हात कुठून आला?

बरेच दिवस तो शब्द डोक्यात घेऊन हिंडलो. पूजेत लक्ष लागेना. मग आठवलं, गेली काही वर्षं तुम्ही सेट तपासताना डावा तळवा त्याच्या पाठीवर ठेवता. आम्ही सगळे म्हणायचो, मामा सेटला थोपटतात. मला तर त्यात माया दिसायची. मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो.

काल दुकान बंद ठेवलं. कानात कापूस कोंबला, वर मफलर गुंडाळला. हिने दारातून बघितलं आणि काही न विचारता परत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायका विचारायचं सोडून देतात. शेल्फवरचा एक जुना सेट सुरू केला आणि पाठीवर तळवा ठेवला. हाताला मुंग्या आल्यासारखी गुणगुण लागली. दुसरा सेट, तिसरा सेट, तसंच. मग बाईंचा सेट घेतला. तळवा ठेवला. काही नाही. थंड पत्रा. कापूस काढला तर आत भुंगा चालूच होता.

मग बॅटरी काढून झाकण उघडलं आणि इतके दिवस जे डोळ्यांसमोर होतं ते दिसलं. व्हायब्रेटर ज्या बैठकीवर बसतो तिच्याखालची रबरं नवी होती. काळी, मऊ, बोटाने दाबली की दबणारी. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक सेटचं रबर म्हातारं होऊन दगड झालेलं असतं, म्हणून गुणगुण पत्र्यात उतरते. इथे ती रबरातच जिरत होती.

मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, "हो, मीच बदलली. जुन्यांचा भुगा पडत होता. सेट मामांकडे न्यायचा होता ना, म्हटलं नीटनेटका असावा. बाईंना तेवढंच सांगितलं, की मी फक्त रबर बदललं. त्या म्हणाल्या, बघा, बदललं ना काहीतरी!"

मामा, आता लिहितो. हे लिहायला बसण्याआधी हात धुतले, देवाला नमस्कार केला. तुम्हाला ऐकू येत नाही. थोडं कमी नाही, येतच नाही बहुतेक. तुम्ही हाताने ऐकता, आणि इतकं चांगलं ऐकता की कानवाल्यांना पत्ता लागला नाही. हातानेही चूक केली नाही. हाताला जे कळलं तेच तुम्ही लिहिलंत. दूरध्वनी बिघडलेला नाही, हेही आता मला कळलं.

आणि मला सेटची भीती वाटत नाही. भीती वाटते ती रुळांची. घरून वर्कशॉपला जाताना तुम्ही रोज ते बिनफाटकाचे रूळ ओलांडता. सकाळची मालगाडी वळणावरून येते, झाडीमुळे दिसत नाही. तिथे माणसं कानावरच जगतात. कालपासून इथे कुणी दार जोरात वाजवलं तरी वाटतं, तुमच्याकडून वाईट निरोप आला.

खुर्ची मला नको. चष्मेवाला येतो तो त्याच्या गाडीच्या भोंग्यासाठी. एक सुचवतो. इथून पुढे सेट दोघांनी तपासावेत, तुमचा हात आणि माझा कान. दाखल्यावर दोघांच्या सह्या. पण आधी बाईंना तुम्ही लिहा. माझ्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या हातून कळावं. तुम्ही नाही लिहिलंत तर मला बोलावं लागेल, आणि ते माझ्याने होईल असं वाटत नाही.

तुमचा,
भाचा


१६ फेब्रुवारी

चि. गंभीरराव,

आशीर्वाद.

दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. फाडावंसं वाटलं, पण फाडलं नाही.

खरं आहे. आधी पक्षी गेले. मला वाटलं, झाडं तोडली म्हणून येत नसतील. मग घड्याळ गेलं. मग दाराची कडी. तुझी मामी होती तोवर कुणाला कळलं नाही, कारण ती माझ्या वाटचं ऐकायची. दारावर कुणी आलं की तीच उठायची. गिऱ्हाईक काय बोललं ते जेवताना परत सांगायची, तोंड माझ्याकडे करून, सावकाश. लोक म्हणायचे, काय जोडी आहे, सारखी एकमेकांकडे बघत असतात! आम्ही हसायचो. ती गेल्यावर घर गप्प झालं असं सगळे म्हणाले. माझ्यासाठी ते आधीच गप्प होतं, मग तर काळोख झाला.

सेटवर हात ठेवायचं मी मुद्दाम शिकलो. स्पीकरच्या तारांना मीटर लावतो, गाणं काट्यावर दिसतं. लोकांच्या तोंडावरून बोलणं उचलतो. तो मिस्त्री मिशीवाला, त्याचे ओठ दिसत नव्हते. तो काय बोलला ते मला समजलंच नाही. त्याला मी गोड बोलणारा लिहिलं, ते त्याच्या चेहऱ्यावरून. आता वाटतं, तो रबराचंच सांगत असावा. माझ्यापुढे उभा राहून सांगत असावा आणि मी मान डोलवत असेन.

दोन सह्या नको. ती कुबडी झाली. कुबडी घेतलेल्या माणसाला लोक हात धरून खुर्चीवर बसवतात आणि मग खुर्ची हळूच मागे सरकवतात.

तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, आज मागतो. मेळावा महिनाअखेरीस आहे. तेवढा होऊ दे. शेवटचा एकदा बसतो, चार गाड्यांवर हात ठेवतो, मग मीच जाहीर करतो की थकलो. थकलेल्याला निरोप देतात रे, बहिऱ्याला काढतात. बाईंना सांगायचंच असेल तर सांग की बॅटरी उतरलेली होती, म्हणून मामांना कळलं नाही. हे खोटं कुणाच्या अंगावर पडत नाही. मिस्त्री सुटेल, मीही सुटेन.

हे काम गेलं तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?

रुळांचं लिहायचं नव्हतं, पण तू विचारलंस. मी थांबतो, दोन्हीकडे बघतो, रुळावर पाय ठेवून बघतो. परवा कुणीतरी मागून सदरा धरून मला ओढलं. भांडायला वळलो, तेवढ्यात समोरून गाडी गेली.

हे सुनेला सांगू नकोस.

मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि मी ठरवलं, थांबायचं. तुम्ही कधी काही मागितलं नव्हतंत. मनाशी म्हटलं, महिनाअखेर कितीशी लांब आहे? तेवढ्यात काय बिघडतं?

रोज सकाळी देवापुढे बसत होतो. कौल मागत नव्हतो. देवाला साक्षीला बसवायचं आणि वर त्यालाच उत्तर विचारायचं, हे मला बरं वाटत नाही. नुसता बसत होतो. उठताना मात्र रोज तोच मिस्त्री डोळ्यांपुढे, उभाच, बाकावर न बसलेला.

सोमवारी तो आला. हातात पान्यांची पेटी. म्हणाला, "साहेब, यातलं काही तुमच्या कामाचं असेल तर ठेवून घ्या. मी मेहुण्याकडे चाललोय, त्याच्या गोदामावर." मी म्हटलं, राखणीला? म्हणाला, "छे, राखणीला मला कोण ठेवेल आता? पोती उचलायला." जाताना दारात वळून म्हणाला, "मामांना सांगा, राग नाही. त्यांनी माझं सगळं बोलणं मान डोलवत ऐकून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी तेवढंही ऐकलं नाही."

मामा, त्यानंतर मला थांबता आलं नाही.

घडलं ते उलट्या क्रमाने सांगतो, कारण पहिलं लिहायला हात धजत नाही.

बाई मिस्त्रीच्या घरी गेल्या. तिथून मी आत्ता येतोय. गाडी बाहेर काढायला कुणी नव्हतं म्हणून चालत गेल्या, मी मागे. मिस्त्री घरी नव्हता, बायको होती. तिने दार उघडलं, आत या म्हणाली नाही. बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "चूक माझी झाली. त्याला पाठवून द्या, मला त्याची माफी मागायचीय." ती म्हणाली, "माफी घरात येऊन मागता? चोर तर चौकात ठरवलात." बाईंनी वर्गात कधी कुणाचं ऐकून घेतलं नसेल. इथे मान खाली घालून म्हणाल्या, "बरोबर आहे. चौकात सांगते." वाटेत त्यांनी पहिल्या गाडीवाल्याच्या फाटकाची घंटा माझ्यासमोर वाजवली आणि मला घरी जायला सांगितलं. मिस्त्री परत येईल की नाही मला माहीत नाही. बायकोच्या तोंडावरून तरी वाटलं नाही.

त्याआधीचं. मी बाईंच्या दिवाणखान्यात सेट ठेवला, बॅटरी जोडली आणि म्हटलं, ऐका. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "हे तर लहानपणापासून ऐकतेय. वडील म्हणायचे, गाण्याआधी गाडी घसा साफ करते." मी सांगितलं की तोच व्हायब्रेटर, ज्याची चोरी झाली म्हणता तो. रबरं सोडली तर सेट संपूर्ण मूळचा आहे, मी तसा दाखला लिहून आणलाय. त्यांनी दाखला घेतला, टेबलावर ठेवला, चष्मा काढला.

"मग तुमच्या मामांसारख्या माणसाला हे कळलं कसं नाही?"

मी तुमचंच उत्तर दिलं. खोटं बोलायची सवय नाही, तरी म्हटलं, "बॅटरी उतरलेली असेल त्या दिवशी."

बाई ताडकन म्हणाल्या, "बॅटरी? ती मिस्त्रीनेच भरून नेली होती. म्हणजे तिथेही त्याने हलगर्जीपणा केला म्हणा की! एक आळ गेला, दुसरा आला."

मामा, हे खोटं कुणाच्या अंगावर पडत नाही असं तुम्ही लिहिलं होतंत. ते पडलं, आणि त्याच माणसाच्या अंगावर पडलं. मी तिथे उभा, आणि दोन्ही उत्तरं माझ्या तोंडाशी. एकीकडे तुमची विनंती, दुसरीकडे ती पान्यांची पेटी. सेट टेबलावर चालूच होता, गाणं लागलेलं होतं, कुठलं ते मला सांगता येणार नाही. तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. रागावलेला नाही, खुर्चीवर बसलेला नाही. जेवताना मामीच्या तोंडाकडे बघणारा.

उद्या पहिल्या बसने मी तुमच्याकडे येतोय, हे पत्र टपालात न टाकता दाराखालून सरकवीन. तुम्ही दार उघडाल की नाही, माहीत नाही. कडी वाजवणार नाही, खिडकीसमोर दिसेल असा उभा राहीन. तुमच्या समितीला मी काही कळवलेलं नाही आणि कळवणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. बाईंनाही म्हटलंय, चौकात मिस्त्रीचं सांगा, मामांचं नको. त्या हो म्हणाल्या. पण एका माणसाला कळलेलं आहे, आणि ते माझ्याकडून कळलेलं आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. शिव्या द्यायच्या तर समोर द्या, तोंड माझ्याकडे करून.

बाई चष्मा पुसत वाट बघत होत्या. मी बटण फिरवून सेट बंद केला, आणि म्हणालो, "बाई, बॅटरी चांगली होती. माझ्या मामांना ऐकू येत नाही."

तुमचा,
भाचा